सावजी म्हणजे आपले बाबा

शकू, यांना पिंपरीच्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही नागपूर सोडलं, त्या दिवशी बाबा स्टेशनवर खिडकीची सळई धरून उभे होते. ओळखीचा एक हमाल जाताजाता म्हणाला, "काय सावजी, पोरगी चालली काय?" बाबांनी नुसती मान हलवली.

आपल्या गोळीबार चौकात विणकर कोष्ट्याला सगळे सावजीच म्हणत. बाबा सांगायचे, "साव म्हंजे चोराच्या उलटा. शेठनं देल्लं सूत, त्यातला धागा बी इकडंतिकडं नाई." भाषेचे पंडित काय सांगायचं ते सांगोत, मला बाबांचं पटतं. घरात शिजायचं त्याला आपण नुसतं मटन म्हणायचो, सावजी नाही. मग हातमाग बंद पडले, आईनं पुढच्या खोलीत खानावळ घातली. गिऱ्हाइकं आधी 'सावजीकडे' जेवायला यायची, ती हळूहळू 'सावजी' खायला यायला लागली. बाबांना ते कधी रुचलं नाही. "मानसाले खाऊन रायले लोकं," म्हणायचे.

पिंपरीत माझं 'मले' जाऊन 'मला' झालं. शेजारच्या मानेवहिनींनी एकदा विचारलं, "सावजी म्हणजे सावज मारून आणतात, त्याचं का हो?" अस्सा राग आला! म्हटलं, "अहो, माझ्या वडिलांना म्हणतात सावजी." त्या हसल्या. त्यांना थट्टाच वाटली.

पुढे बाबा एकदा आमच्याकडे आले. यांनी मोठ्या कौतुकानं त्यांना नव्या 'नागपुरी सावजी' हॉटेलात नेलं. मालक कुठला कोण जाणे, आपल्यातला तर नव्हता. आम्ही टेकतोय तोच मागून कुणीतरी ओरडलं, "सावजी!"

बाबा खुर्चीतून अर्धे उठले. वळून म्हणाले, "काय जी?"

वेटर रश्श्याची प्लेट घेऊन त्यांना ओलांडून मागच्या टेबलाकडे गेला.

बाबा खाली बसले. भाकर कुस्करत राहिले. शकू, मला तिथून उठून पळावंसं वाटलं. त्यांचं नाव ताटात वाढून फिरवत होते आणि त्यांना कुणी ओळखत नव्हतं. "तर्री बरी हाये," एवढंच ते बोलले.

आता बाबा नाहीत, खानावळही मोडली. कुणी गाव विचारलं तर पिंपरीच तोंडात येतं. पण गेल्या खेपेला नागपुरात आपल्या चौकातल्या पानठेल्यावरच्या म्हाताऱ्यानं हाक मारली, "सावजीची मोठी पोरगी ना वं तू?"

तो शब्द ऐकून ज्याला जेवण नाही, बाबा आठवतात, असं एक तरी माणूस तिथे आहे. माझं घर आता तेवढंच उरलंय गं. मी "हो जी" म्हटलं आणि भर रस्त्यात रडले.