फाटक कधी पाडायचं

आमच्या मराठी मंडळात मैत्रेयी कवठेकरला सगळे शिकारीण म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं. बंदूक तिने आयुष्यात हातात धरली नव्हती. करमाळ्याकडे ज्वारीत उतरणाऱ्या काळविटांवर तिने पीएचडी केली आणि मग सिंगापूरच्या विद्यापीठात रानडुकरांवर पोस्टडॉक करायला आली. काम तेच. शेताला किती जनावरं सोसवतील ते बघायचं, आणि जास्त झाली तर कुठली काढायची, कुठली राखायची ते सांगायचं. काढायची म्हणजे मारायची, आणि तो शब्द उच्चारताना ती कधी कचरत नसे. गणपतीच्या जेवणात एक बाई तिला म्हणाल्या, "अगं, जीव जातो ना त्यांचा." ही श्रीखंड वाढून घेत म्हणाली, "जातो. म्हणूनच विचार करून घ्यावा लागतो." त्या बाईंनी पुढे दोन वर्षं तिच्या शेजारची खुर्ची टाळली.

मी नीता. नोकरी एका बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये. बुकित बातोकच्या आमच्या फ्लॅटमधली एक खोली मैत्रेयीकडे भाड्याने होती, त्यामुळे तिच्याबद्दल बोलायचा अधिकार मंडळातल्या इतरांपेक्षा मला जास्त आहे. ती पोळ्या फार सुरेख करायची. मारलेल्या जनावराने शेवटी काय खाल्लं होतं हे बघायला ती त्याचं पोट उघडायची आणि घरी येऊन, आंघोळ करून, पोळ्या लाटायला उभी राहायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हातातली पोळी खाली ठेवली. मग सवय झाली. पोळीच तशी होती.

ही गोष्ट २०१४ सालची. आमच्या ब्लॉकच्या पश्चिमेला जंगल होतं आणि जंगलापलीकडे थोडी शेतं उरली होती. त्यातलं एक कोह अंकलचं. रताळी आणि पालेभाजी. रानडुकरांचा एक कळप त्याच्या रताळ्यांना असा चटावला होता की सकाळी वाफे नांगरल्यासारखे दिसायचे. आसपासच्या शेतकऱ्यांचं म्हणणं एकच होतं, जंगलातली झाडून सगळी डुकरं संपवा. मैत्रेयीने वन्यजीव खात्याला वेगळं सांगितलं. जंगलात कळप बरेच आहेत, शेतात येतो तो हा एकच. तो पुरा काढा, बाकीच्यांना हात लावायचं कारण नाही. खात्याने तिचं ऐकलं, पण महिनाअखेरपर्यंतच. तोवर कळप हाती लागला नाही तर शेतकऱ्यांचं म्हणणं मान्य होणार होतं. म्हणजे जंगलातल्या ज्या डुकरांनी कधी रताळं पाहिलंही नव्हतं, तीही जाणार होती.

तिची पद्धत धीराची. शेताच्या कडेला जाळीचं मोठं गोल कुंपण घालायचं, त्याला वरून पडणारं लोखंडी फाटक बसवायचं, आत मका टाकायचा आणि फाटक उघडंच ठेवायचं. डुकरं येतात, खातात, निर्धास्त होतात. अख्खा कळप आत शिरला की मगच फाटक पाडायचं. एक जरी बाहेर राहिलं तरी नाही. "अर्धा कळप धरला की उरलेला अर्धा शहाणा होतो," ती म्हणायची. "तो पुन्हा जन्मात पिंजऱ्याकडे फिरकत नाही, आणि पिल्लांनाही तेच शिकवतो."

कळपातली सगळी आत यायला लागली. एक सोडून. कळपाची म्हातारी डुकरीण, एक कान फाटलेली, फाटकाशी यायची, नाक वर करून वास घ्यायची आणि शांतपणे जंगलात निघून जायची. कोह अंकलचा जीव खालीवर व्हायचा. एका रविवारी मी मैत्रेयीबरोबर गेले होते, तेव्हा तो फाटकाच्या दोराकडे बोट दाखवून, इथल्या ढंगात वाक्याला 'लाह' जोडत, तिला म्हणाला, "सगळी आत आहेत, लाह. एका म्हातारीसाठी काय थांबतेस? पाड ना."

"ती म्हातारीच कळप आहे, अंकल. बाकीची नुसती डुकरं आहेत."

"आणि माझी रताळी?"

"या खेपेला जातील," मैत्रेयी म्हणाली. "पुढच्या खेपेची मी हमी देते."

एवढा आत्मविश्वास मला कधी जमला नाही. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला तिचा रागच आला होता. अंकल बिचारा उघड्या वाफ्यांकडे बघत उभा, आणि ही बाई एका डुकरिणीची मर्जी सांभाळतेय.

पण तिच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. दुष्काळातल्यासारखी मक्यावर तुटून पडणारी कळपातली बाकी जनावरं, आणि ही एकटी मका नाकारते? हिचं पोट कुठेतरी भरतंय. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खुरांच्या खुणा धरून जंगलात शिरली आणि दुपारी घरी आली ती हातात केळीचं पान घेऊन. चुरगळलेलं, चाटून पुसून लख्ख केलेलं. कडेला दोन-चार काळे तीळ चिकटलेले.

"नीता, हे बघ आणि सांग काय आहे."

सांगायची गरज नव्हती. पितृपक्ष चालू होता.

आमच्या वसाहतीत कावळे जवळजवळ नाहीतच. पितरांचं पान मांडून तास तास वाट बघायची, कावळा शिवायचा नाही, आणि मग घरातली माणसं उगाच एकमेकांकडे बघत बसायची. आमच्या ब्लॉकमधले पद्माकरकाका सकाळी जंगलाच्या कडेने फिरायला जात. त्यांनी आदल्या वर्षी तिथे झाडाखाली एक पान ठेवून पाहिलं. फेरी मारून परत येतात तो पान साफ. ही बातमी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली, आणि या वर्षी ज्याची जी तिथी असेल तो त्या दिवशी तिथे पान ठेवू लागला. वडे, खीर, अळूवडी, आमसुलाची चटणी. पंधरवडाभर रोज कुणाच्या ना कुणाच्या घरचं. कोण खातं हे बघायला थांबायची कुणाला इच्छा नव्हती. पान उचललं गेलं, यातच सगळे समाधानी होते.

मैत्रेयीने त्या झाडाला कॅमेरा बांधला आणि दुसऱ्या दिवशी त्यातला फोटो फोनवर घेऊन काकांकडे निघाली. मीही गेले. मला वाटलं, ही तिथे काहीतरी तोडून बोलेल, तर सावरायला कुणीतरी हवं.

काकांच्या पत्नी, वसुधाकाकू, गेल्या त्याला दीड वर्ष झालं होतं. सवाष्ण गेल्या म्हणून त्यांचं पान अविधवा नवमीला. नवमी दुसऱ्याच दिवशी होती आणि काका ओट्यापाशी उडदाची डाळ भिजत घालत होते.

"काका, जंगलातलं पान कावळा खात नाही," मैत्रेयी म्हणाली. "रानडुकरीण खाते."

तिने फोन पुढे केला. फाटक्या कानाची म्हातारी, तोंडात केळीचं पान. काकांनी चष्मा लावला आणि फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"गेल्या वर्षी पान रिकामं बघून मी रडलो होतो," ते म्हणाले. "वाटलं, वसुधा जेवली. आजारपणात शेवटी तिला काही जात नव्हतं."

मग मैत्रेयीने सगळं सांगितलं. पिंजरा, महिनाअखेर, जंगलातली बाकीची डुकरं. पानं थांबली नाहीत तर म्हातारी आत येणार नाही आणि नको तेवढे जीव जातील. तिने एकही शब्द गोड करून सांगितला नाही.

आता मी जे बोलले ते मला त्या वेळी अगदी हुशारीचं वाटलं होतं. मी म्हटलं, "मग उद्याचं पान पिंजऱ्यातच ठेवू या की. तिला चटक आहेच. लगेच आत येईल."

काकांनी मान वर केली. त्यांना ते पटतंय की मोडून टाकतंय, मला कळेना. मैत्रेयी मात्र माझ्याकडे वळली आणि तिने मला पहिल्यांदा आणि शेवटचं झापलं.

"काकूंच्या नावाचं पान मी आमिष म्हणून लावणार नाही. माझ्याकडे मका आहे." मग काकांकडे बघून, "तुम्ही पान इथे कॉरिडॉरच्या कठड्यावर ठेवा. साळुंक्या येतील."

"साळुंकी चालते?"

"मला शास्त्रातलं कळत नाही, काका. पण त्या भुकेल्या असतात."

काकांनी त्याच संध्याकाळी ग्रुपवर लिहिलं की जंगलातली जागा बंद, यापुढे कुणीही तिथे पान ठेवू नये. कारण दिलं नाही. ज्येष्ठ माणूस, कुणी विचारलंही नाही. नवमीला कठड्यावर पान ठेवलं आणि ते दाराआड उभे राहिले. साळुंक्या आल्या, भांडल्या, वड्याचे तुकडे खालच्या मजल्यावर पाडले. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वर येऊन तक्रार केली, आणि काकांनी त्यांना वाटीभर खीर दिली.

जंगलातलं अन्न थांबलं तशी म्हातारी फाटकाशी जास्त वेळ रेंगाळायला लागली. एक पाऊल आत, मग मागे. कोह अंकलने बोलणंच सोडलं होतं, तो नुसता सिगारेट ओढत बसायचा. सर्वपित्री झाली, परवानगीची मुदत संपत आली, आणि एका पहाटे, उजाडता उजाडता, म्हातारी आत शिरली आणि मक्यात तोंड घालून उभी राहिली. मैत्रेयीने एकदा सगळा कळप नजरेखालून घातला. मग फाटक पाडलं.

पुढचं काम खात्याच्या माणसांनी केलं. ती शेवटपर्यंत तिथे उभी होती. जंगलातल्या इतर कळपांना कुणी हात लावला नाही, आणि कोह अंकलने पुढच्या हंगामात पिशवीभर रताळी आमच्या दाराशी आणून ठेवली. त्यांचा कीस मीच केला.

पण फाटक पाडलं त्या दिवशी संध्याकाळी ती आणि मी एकत्रच परतलो तेव्हा पद्माकरकाका खाली व्हॉइड डेकवर, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, लिफ्टजवळच्या दगडी बाकावर बसले होते. आमचीच वाट बघत असावेत. मैत्रेयीच्या बुटांना चिखल होता आणि चेहरा ओढलेला. तिला पाहून ते उठले.

"ती होती त्यात?"

"होती."

काकांनी एकदा लिफ्टकडे पाहिलं, मग खाली जमिनीकडे. विचारावं की नाही, असं त्यांचं चाललं होतं.

"तू पोट उघडून बघतेस ना?"

"बघितलं."

"काय होतं?"

तेव्हा मला कळलं, तिने मला का झापलं होतं.

"मका," मैत्रेयी म्हणाली. "नुसता मका, काका."

काकांनी मान हलवली आणि लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट आली तेव्हा दार हाताने धरून ते म्हणाले, "वर ये. उपमा केलाय. सकाळपासून तूही काही खाल्लं नसशील."