मेथीच्या डब्यावरची चिठ्ठी

मुलांनो, आज सकाळी मेथीचा डबा पुसताना त्यावरची चिठ्ठी सुटून माझ्या हातात आली. वर माझ्या नीटस अक्षरात ‘मेथी’. त्याखालच्या तुमच्या आजोबांच्या ओळीचा आता नुसता निळा डाग उरला आहे. मला ती पाठ आहे: ‘याहून कडू हवे असल्यास मालकिणीला भेटावे.’

स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्याला चिठ्ठी हवी, ही माझी शिस्त. त्या चिठ्ठीवर काहीतरी खरडायचे, हा त्यांचा उद्योग. हिंगाच्या डबीवर त्यांनी लिहिले होते, ‘बेताने उघडा, शेजारी जेवायला येतील.’

“अहो, पाहुणे काय म्हणतील?”

“म्हणतील, बाई एवढी शिकलेली, की तिचे डबेसुद्धा बोलतात!”

मी रागाने नवी चिठ्ठी लिहीत असे, पण खाली एका ओळीची जागा मोकळी सोडत असे. ते त्यांना बरोबर ठाऊक होते.

गेल्या रविवारी फोनवर मी तुम्हाला ही मेथीची ओळ सांगितली. “मेथी म्हणजे काय, आजी?” धाकटीने विचारले. मी सगळे इंग्रजीत समजावून सांगितले. मग तुम्ही शहाण्या मुलांसारखे हसलात. तुमचा यात काही दोष नाही. पण त्या ओळीला मनापासून हसणारे शेवटचे माणूस मीच, हे मला तेव्हा कळले.

डबा कोरडा करून मी नवी चिठ्ठी लिहिली. या वेळी अक्षर मोठे काढले, अगदी कागदभर. खाली जागा ठेवली नाही.