पूजेतलं कुलूप

ती केस विसरायची म्हटली तरी विसरता येत नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते आणि मी लालबागकडच्या एका ठाण्यात नवा सब-इन्स्पेक्टर. रोज मोर्चे, रोज बंदोबस्त. ज्यांच्यावर काठी उगारायची ती माणसं आपलीच. त्यामुळे मी कायम चिडलेला असायचो.

खंडेनवमीला सकाळीच ठाण्यात हत्यारांची पूजा झाली होती. रायफली, काठ्या, बेड्या, सगळ्यांवर हळदकुंकू आणि झेंडू. तेवढ्यात परळच्या एका छोट्या वस्तुसंग्रहालयाचे संग्रहपाल धापा टाकत आले. वीतभर लांबीचं जुनं लोखंडी कुलूप किल्लीसकट काचेच्या कपाटातून गायब होतं. कपाट फोडलेलं नव्हतं आणि ते उघडणारे दोघेच, एक हे स्वतः आणि दुसरा त्यांचा शिपाई.

मग काय, शिपायाला आणला. कोकणातला, पन्नाशी उलटलेला माणूस. चोरीचा ठपका बसला तर नोकरी जाणार, आणि मुलीचं ठरलेलं लग्नही मोडणार.

"याला बेड्या घाला," मी म्हटलं.

आमचे हवालदार मुरलेले. "साहेब, त्या आज पूजेत आहेत. उद्या दसऱ्याला उचलू. हा काय पळणारा माणूस आहे?"

"पूजा गेली खड्ड्यात!" म्हणत मीच बेड्या उचलल्या. त्यांवरचं कुंकू शिपायाला दिसलं, तसे त्याने बेड्या घातलेले हात कपाळाला लावले. मला वाटलं, नाटक करतोय लेकाचा.

"कुलूप कुठाय?"

"उद्या आणून देतंय, सायब. आज नाय जमायचा."

"कुणाकडे दिलंस?"

"सणाच्या दिवशी त्येच्या दारात पोलीस नको. नाव नाय घेणार."

दोन तास दम दिला, टेबल आपटलं. ढिम्म! दुपारी आमचा खबऱ्या आला. चिंचपोकळीला त्याची चहाची गाडी होती. "साहेब, पुलाजवळच्या कुलूपवाल्या मिस्त्रीकडे काल एक जुनं धूड आलंय."

लगेच गेलो. मिस्त्रीचं काम बंद होतं. आत पाटावर हातोडे, कानशी, पकडी मांडलेल्या आणि मधोमध ते कुलूप. तेल पिऊन काळंभोर झालेलं, किल्लीच्या भोकापाशी कुंकू, वर झेंडूचं फूल. मी जागच्या जागी थांबलो. चोरीच्या मालाला कुंकू कोण लावतं?

मिस्त्री म्हणाला, "दर वर्षी संग्रहालयाच्या सुट्टीच्या दिवशी आणतो तो. म्हणतो, तेल नाही घातलं तर गंज आतून खातो. रात्रभर मुरायला ठेवलं होतं. पहाटेच नेणार होता, पण मोर्च्यासाठी रस्ता अडवलेला. पोचला तोवर घरच्यांनी पूजा मांडली होती. तोच म्हणाला, पूजेतलं उचलू नको, उद्या नेतो. न्या साहेब, जप्त करा."

रस्ता अडवणारे आम्हीच होतो. माझा हात काही पुढे होईना. त्या माणसाने नोकरी पणाला लावून पूजेतली वस्तू हलवू दिली नव्हती, आणि मी पूजेतल्या बेड्या उचलून त्याच्याच हातात घातल्या होत्या. लाज वाटली, अगदी मनापासून लाज वाटली.

कुलूप तिथेच ठेवून संग्रहपालांना बोलावलं. त्यांनी वाकून कुलूप निरखलं. "इतकी वर्षं हे गंजलं कसं नाही, ते आज कळलं," म्हणाले. जबाबात त्यांनी लिहून दिलं की कुलूप आपल्या परवानगीनेच दिलं होतं. लेखणी किंचित अडखळली, ते मी न पाहिल्यासारखं केलं. शिपायाची नोकरी टिकली, मुलीचं लग्नही झालं. मला आमंत्रण होतं. गेलो नाही. वर्दीतल्याने माफी मागायची नसते असं तेव्हा वाटायचं. पुरावा हातात येण्याआधी बेडीला हात घालायचा नाही, एवढं मात्र त्या दिवसापासून पाळलं.

गेल्या खंडेनवमीला संग्रहालयात गेलो होतो. शिपाई जाऊन बरीच वर्षं झाली. किल्लीच्या भोकाभोवती तांबूस गंज चढलाय. तिथल्या माणसाला म्हटलं, "अहो, थोडं तेल घाला ना याला."

"काका, आम्हाला हात लावायची परवानगी नाही," तो म्हणाला.

परवानगी त्या शिपायालाही नव्हती.