कांबळ्यांच्या खिडकीतल्या सीड्या

कांबळ्यांनी बिघडलेली सीडी कधी कचऱ्यात टाकली नाही. कॉम्प्युटरवर सीडी लिहायला घ्यायची, ती मध्येच बोंबलायची आणि पडद्यावर लाल फुली यायची. मग कांबळे ती गरम सीडी बाहेर काढून टेबलावर ठेवायचे, काळ्या मार्करनं तिच्यावर एखाद्या माणसाचं नाव लिहायचे, भोकातून सुतळी ओवायचे आणि खिडकीच्या गजाला टांगायचे. राजारामपुरीतल्या त्यांच्या भाड्याच्या घराची रस्त्याकडची खिडकी अशा सीड्यांनी भरली होती. त्यामुळे कबुतरं यायची नाहीत, हा एक फायदा. ज्यांची नावं लटकत होती ती माणसंही यायची नाहीत, हा दुसरा.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा खिडकीत उभा राहून नावं वाचली. शेजारचा गिरणीवाला होता, वायरमन होता, कंपनीत त्यांची बढती अडवणारा साहेब होता आणि लग्नात पंगतीला हाक न मारणारा एक चुलत मेहुणा होता.

"कांबळे, गिरणीमुळं व्होल्टेज पडतं हे समजलं. पण मेहुण्याचा काय संबंध?"

"संबंध न्हाय की. पर राग कुणावर तरी काढाय पायजे का नको? सीडीवर काढून काय उपयोग? तिला नाक हाय का कान!"

आम्ही दोघं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एकाच कारखान्यात होतो. मी हिशेब विभागात, ते तपासणीला. ओतकामातला खराब नग दिसला की त्यावर लाल फुली मारायची आणि तो ज्याच्या हातून बिघडला त्याचं नाव खडूनं लिहायचं, हे त्यांचं रोजचं काम. आयुष्यभर त्यांनी तेच केलं, कारखान्यात खडूनं आणि घरी मार्करनं. कंपनीच्या बसमध्ये ते माझ्या शेजारी बसायचे आणि कागल येईपर्यंत कुणाचा ना कुणाचा उद्धार चाललेला असायचा.

आमचं घर जैनाचं. पर्युषण संपलं की आम्ही घरोघर जाऊन हात जोडतो, वर्षभरात काही चुकलं असेल तर क्षमा करा म्हणतो. मी त्यांच्याकडेही जायचो. कांबळे उठून माझे जोडलेले हात धरायचे, चहा पाजायचे आणि म्हणायचे, "बेस हाय तुमचं, मगदूम. एक दिस माफी मागायची, मग वरीसभर मोकळं! आमच्यात तसं न्हाय. इसरणं हा गरिबाचा रोग हाय. मोठी माणसं इसरत्यात व्हय कधी काय?"

त्यांना एक गोष्ट विसरायची नव्हती, ती त्यांच्या आईची.

शेवंताबाई मूळच्या कागलजवळच्या खेड्यातल्या. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण आवाज असा की माईक नसला तरी शेवटच्या रांगेतला माणूस मान वर करायचा. भीमगीतं गायच्या, स्वतः रचायच्या. अशा गाण्याच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्यानं आपलं नाव गुंफायचं ही रीत, तशी त्यांचीही होती. त्यांच्या एका गाण्याचा शेवट मला पाठ आहे:

शेवंता म्हणे बायांनो, पाटी हातात धरा,
नाव आपलं आपुन लिवा, मगच पाणी भरा.

नव्वद सालानंतर केव्हातरी कागलच्या ढवळेनं हे गाणं रेकॉर्ड केलं. ढवळेचं एसटी स्टँडजवळ कॅसेटचं दुकान होतं. मागच्या खोलीत त्यानं शेवंताबाईंना गायला बसवलं, नमुना म्हणून त्याच दिवशी एक कॅसेट हातात दिली आणि बाकीचं कळवतो म्हणाला. कळवलं काहीच नाही. पुढं उरुसात फिरताना शेवंताबाईंना भोंग्यावर आपलाच आवाज ऐकू आला. त्या धावत स्टॉलवर गेल्या. कॅसेटच्या खोक्यावर ढवळेच्या मेहुणीचा फोटो होता आणि गायिका म्हणून तिचंच नाव होतं. गाणं पुरतं वाजलं, फक्त शेवटचं कडवं तेवढं कापलेलं.

"ह्यो माझा आवाज हाय," त्या म्हणाल्या.

जयंती मंडळाचा मोठा गायक कुरणे तिथंच उभा होता. तो हसला. "मावशी, खोक्यावर फोटो बघा की कुणाचा हाय ते!" मग सगळा स्टॉल हसला.

त्या दिवसापासून शेवंताबाईंनी गाणं सोडलं. भाकरी थापताना गुणगुणायच्या, तेही बंद झालं. मुलाच्या घरी राजारामपुरीत राहायला आल्या, नातवंडं वाढवली, पण पाळण्यापाशीसुद्धा तोंडातून सूर काढला नाही. हे सांगताना कांबळ्यांचा आवाज बसमध्ये पहिल्यांदाच खाली आलेला मी ऐकला.

"जाऊ दे की, कांबळे," मी म्हणालो. "लई वर्षं झाली."

दुसऱ्या दिवशी खिडकीत माझ्या नावाची सीडी लटकत होती. नावाखाली बारीक अक्षरात कारणही दिलं होतं: ‘जाऊ दे म्हणाला.’

खरं तर घरोघर कॉम्प्युटर येऊ लागले तेव्हाच कांबळ्यांना त्यांचं हत्यार सापडलं होतं. त्यांनी कर्ज काढून कॉम्प्युटर घेतला होता, तोही सीडी लिहिणारा. बेत सरळ होता. आईच्या पेटीतली नमुन्याची कॅसेट टेपवर लावायची, वायरनं आवाज कॉम्प्युटरात घ्यायचा, शेवटच्या कडव्यासकट सीडी करायची आणि जयंतीच्या आधी कागल भागातल्या प्रत्येक मंडळात फुकट वाटायची. चौदा एप्रिलला गावोगाव ढवळेचं कापलेलं गाणं न वाजता आईचं पुरतं गाणं वाजलं पाहिजे. सोबत मंडळाच्या इतर गायकांचीही गाणी घ्यायची, म्हणजे लोक सीडी ठेवून घेतील. "एक बोटभर बी जागा रिकामी सोडायची न्हाय," हा हुकूम. आणि आईचं गाणं सगळ्यात शेवटी, कारण कार्यक्रमात मोठा गायक शेवटी उठतो. तो मान आईचा.

कुरणे चिडला. शेवटी त्याचं गाणं हवं होतं. कांबळे त्याला म्हणाले, "तुमचा मान उरुसात झाला की!"

मला कॉम्प्युटरचं थोडं कळायचं म्हणून रविवारी सकाळी बोलावणं यायचं. सुरुवातीला सीडी निम्म्यात मरायची. मी सांगितलं, लिहिताना बाकीचं सगळं बंद ठेवा, पत्ते खेळू नका, वेग कमी करा. कांबळ्यांनी ‘बाकीचं सगळं’ फारच मनावर घेतलं. सीडी चालू झाली की घरातला पंखा बंद, मिक्सर बंद, वहिनींनी चालायचं नाही, पोरांनी शिंकायचं नाही. एकदा मी खोकलो तर माझ्याकडे असं बघितलं की उरलेला खोकला मी पायरीवर जाऊन खोकलो. गिरणीवाल्याला जाऊन म्हणाले, "दळण थांबवा, आईचं गाणं भाजालोय." सीडी ‘बर्न’ करतात, म्हणजे भाजतात, हे तो बिचारा पहिल्यांदाच ऐकत होता.

त्यानं फरक पडला. सीड्या पुऱ्या होऊ लागल्या. आम्ही पेढे खाल्ले. मग सीडी प्लेयरवर लावून ऐकली, तर शेवटच्या गाण्याच्या शेवटच्या कडव्याशी येऊन ती अडकली. "शेवंता म्ह... म्ह... म्ह..." आणि पुढं नुसतं टकटक. दुसरी लावली, तीही तिथंच. तिसरीही तशीच.

कांबळे पांढरेफटक पडले. ढवळेनं कात्रीनं जे केलं, तेच आता यंत्र करत होतं, आणि नेमकं त्याच जागेवर. त्यांनी सॉफ्टवेअर बदललं, वेग आणखी उतरवला, वायर बदलली. सीडी अंगठ्याचा डाग लागू नये म्हणून वहिनींच्या धुतलेल्या साडीत गुंडाळून ठेवली. खिडकीत आता एकच नाव पुन्हा पुन्हा लटकू लागलं. ढवळे, ढवळे, ढवळे. वारा आला की सगळे ढवळे एकमेकांवर आपटायचे आणि कांबळे ते ऐकत बसायचे. जयंती तोंडावर आली होती. "त्यानं करणी केलीय," असंही एकदा म्हणाले. अशा गोष्टींना आयुष्यभर शिव्या दिलेला माणूस तो.

शेवंताबाई दाराशी तांदूळ निवडत होत्या. त्या इतके रविवार एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी मान वर न करता म्हणाल्या, "मला पयलं घाल."

"आई, मान शेवटचा असतोय."

"मान घिऊन काय करू? गावात कारेक्रम असला की शेवटाला लाइट जायाची, नायतर मानसं उटून जायाची. म्हनून मी पयलीच गायची. लाइट जायाच्या आत. घाल पयलं."

आम्ही पहिलं घातलं. गाणं शेवटच्या अक्षरापर्यंत स्वच्छ वाजलं. पुढं कोऱ्या सीड्या विकणाऱ्या दुकानदारानं कारण सांगितलं: सीडी आतून बाहेर लिहिली जाते, शेवटचं गाणं पार कडेला जातं, आणि स्वस्तातल्या सीडीची कडच खराब असते. आम्हाला वाटायचं, जुन्या तबकडीसारखी ही बाहेरून आत जाते. कांबळ्यांनी आईला मान म्हणून जी जागा दिली, तीच नेमकी सगळ्यात वाईट जागा होती.

हे कळल्यावर कांबळ्यांनी सीडीच्या कडेवरून नख फिरवलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. उठून अंगात शर्ट घातला आणि थेट कुरणेच्या घरी गेले. मी सोबत होतो. हात जोडून म्हणाले, "चुकलं माझं, कुरणेसाहेब. शेवटचं गाणं तुमचंच. मान तुमचाच हाय." कुरणेनं आम्हाला भजी खायला घातली. त्या वर्षी प्रत्येक मंडळात त्याचं गाणं ऐन रंगात आलं की टकटक करत मरायचं, आणि लोक हसायचे. कुठल्या मंडळात किती हसले याची कांबळे बसमध्ये चौकशी करायचे. मला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. भजी मात्र चांगली होती.

जयंतीच्या दिवशी कागलात दुपारी मिरवणूक निघाली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत स्पीकर होते, आणि स्पीकरच्या पुढं खुर्चीवर पांढऱ्या साडीत शेवंताबाई बसल्या होत्या. ढवळेच्या दुकानासमोर कांबळ्यांनी ट्रॅक्टर थांबवला. ढवळे हार घेऊन पायरीवर उभा होता. गाणं सुरू झालं, ओळखीचं. ढवळे खूश झाला, त्याला वाटलं आपलीच कॅसेट. सगळा रस्ता सोबत म्हणत होता. जिथं गाणं संपतं तिथं लोकांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या.

आणि गाणं संपलं नाही. तोच आवाज पुढं आला. शेवंता म्हणे बायांनो.

टाळ्या थांबल्या. सगळ्यांनी आधी स्पीकरकडे, मग खुर्चीकडे, मग पायरीकडे बघितलं. ढवळेच्या हातातला हार तसाच होता. कांबळे चालकाला पुढं घे म्हणून खूण करणार, तेवढ्यात शेवंताबाई ट्रॉलीतून म्हणाल्या, "परत लाव."

पुन्हा लावलं. ऊन तापलं होतं, तरी कुणी हललं नाही. गाणं दुसऱ्यांदा संपल्यावर त्यांनी ढवळेकडे बघितलं आणि परत म्हणाल्या, "परत लाव." ढवळेनं शटर ओढलं तेव्हाच ट्रॉली हलली. परतताना कांबळे माझ्या कानाशी म्हणाले, "लोक म्हंत्यात मी खुनशी हाय. आता कळलं का कुणावर गेलोय?"

पुढच्याच आठवड्यात ढवळे नारळ आणि मिठाई घेऊन राजारामपुरीत आला. नवी सीडी काढू म्हणाला, मावशींचा फोटो टाकू, मोठं नाव टाकू. मी मनात म्हटलं, झालं, मिटलं. कांबळ्यांनी त्याला चहा दिला, ऐकून घेतलं. मग खिडकीशी जाऊन ढवळेच्या नावाची एक सीडी सुतळीसकट सोडवली आणि त्याच्या हातात दिली.

"ही घिऊन जा. घरी लावून ऐक. शेवटाला नाव येत न्हाय, नुसती टकटक येती. तुला तसंच आवडतंय की!"

ढवळे मिठाई तिथंच ठेवून गेला. आम्ही ती खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या नावाची सीडीही गजावरून उतरलेली दिसली. या खेपेला मी ‘जाऊ दे’ म्हणालो नव्हतो.

कांबळे निवृत्तीच्या आधीच गेले. सकाळी कंपनीच्या बसची वाट बघत थांब्यावर बसले होते, तिथंच. कागलला मंडळानं शोकसभा ठेवली. ढवळे आता मंडळाचा पदाधिकारी होता, दुकान वाढलं होतं. तो माईक घेऊन उभा राहिला, गळा दाटून आल्यासारखा आवाज केला आणि म्हणाला, "कांबळेसाहेब आणि माझ्यात कधीही वैर नव्हतं."

पहिल्या रांगेत, मुलाच्या फोटोसमोर शेवंताबाई बसल्या होत्या. नजर जमिनीवर होती.

"हुतं," त्या म्हणाल्या. "बस खाली."

ढवळे बसला. माईक तसाच चालू राहिला. शेवंताबाईंनी पदरानं डोळे पुसले, फोटोकडे बघितलं आणि उरुसानंतर पहिल्यांदा तोंड उघडून गायला सुरुवात केली. आवाज फाटला होता. गाणं त्यांनी सुरुवातीपासून घेतलं नाही. शेवटच्या कडव्यापासून घेतलं.