संत योसेफाची तीन पानं

१८ मार्च १९९८, बुधवार. परातभर मोड आलेले वाल सोलायचे होते आणि शाळेतून मी दोन दिवसांची रजा घेतली होती. दुसऱ्या दिवशी संत योसेफाचा सण. आमच्या घरी त्या दिवशी तीन पानं वाढायची. एक म्हातारा, एक बाई आणि एक मूल असे तीन गरीब बोलवायचे, आणि त्यांना योसेफ, मरीया व बाळ येशू समजून बाराच्या आत जेवू घालायचं. ते उठेपर्यंत घरातल्या कुणी घास तोंडात घालायचा नाही. हा नवस माझ्या सासूबाईंचा. माझा नवरा सहा वर्षांचा असताना टायफॉइडने अंथरुणाला खिळला, तेव्हा त्या बोलल्या होत्या. नवरा आता अठ्ठेचाळीस वर्षांचा, ठणठणीत. नवस चालूच.

वाल होते, गूळ होता, नारळ होते, केळीची पानं वाडीत होती. नव्हते ते गरीब.

मी लग्न होऊन आले तेव्हा या सणाला आमच्या ओटीवर रांग लागायची. सासूबाई तिघांना निवडायच्या आणि बाकीच्यांना पोहे-गूळ देऊन वाटेला लावायच्या. मग कुणाची मुलं कंपनीत लागली, कुणाची आखातात गेली. गरिबी संपली असं नाही, पण दुसऱ्याच्या ओटीवर गरीब म्हणून बसायला कुणी राजी होईना. आमचा दरवर्षीचा म्हातारा मुलीकडे चंदनसारला राहायला गेला होता. दुसऱ्या एकाला विचारलं तर तो म्हणाला, जेवायला केव्हाही येईन, फक्त उद्या नको, लोकांना कळेल.

आदल्या वर्षी मूल मिळेना म्हणून मी शेजारच्या डॉक्टरांच्या नातीला जुना फ्रॉक घालून बसवलं होतं. तिने वाल बाजूला सारले आणि सॉस मागितला.  पुढे पावसाळ्यात विहिरीच्या कठड्याशी पाय घसरून सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं. ॲम्ब्युलन्समध्ये त्यांचं पहिलं वाक्य होतं, "ती पोर कुणाची होती गं?"

तेव्हापासून त्यांनी मनाशी धरलं होतं, की नवसात खोट झाली म्हणून आपण पडलो, आणि यंदाही झाली तर पाळी मुलाची. मी सांगून पाहिलं, की तिथे शेवाळ होतं. फादरांनी येऊन सांगितलं, की देव असा डूख धरत नाही. त्यावर त्यांचं म्हणणं, फादर अजून लहान आहेत. ऑपरेशन होऊन त्या खुर्चीत बसू लागल्या होत्या, पण पाऊल टाकता येत नव्हतं. तुम्हाला उभंच राहता येत नाही, तर नवसातून सूट असेल, असंही मी सुचवलं.

"मोडलाय तो खुबा," त्या म्हणाल्या. "वाढायला हात लागतात."

एक पान मात्र नक्की होतं. गावच्या क्रूसापलीकडे एक विधवा राहायची. पूर्वी ती आमच्या वाडीत कामाला यायची, आणि अठरा वर्षं बाईच्या पानावर तीच बसत होती. तिला आठवण करावी आणि एखादं मूल सुचवायला सांगावं म्हणून वाल अर्धे टाकून मी तिच्याकडे गेले. ती आपल्या नव्या स्लॅबच्या घराच्या ओटीवर बसली होती. समोर परातभर वाल.

मला बघून ती जरा ओशाळली, मग खुर्ची आणून दिली आणि सगळं सांगितलं. तिचा मुलगा नोकरीत कायम झाला होता. त्यासाठी तिने नवस केला होता, तोही आमचाच, कारण दुसरा कुठला तिने पाहिलाच नव्हता. काकी अंथरुणात, म्हणजे तुमच्याकडे यंदा काही नसणार, असं धरून तिने रविवारी चर्चमध्ये मिस्सेनंतरच माणसं सांगून ठेवली होती. मिठागरावर आयुष्य गेलेला एक एकटा म्हातारा, आणि वाडीत मजुरी करणाऱ्या एका वारली बाईची सहा वर्षांची नात. म्हणजे गावात यायला तयार असलेले दोघंही हिने आधीच नेले होते. तिला मिळत नव्हती ती बाई.

ती थोडा वेळ वाल सोलत राहिली. मग म्हणाली, "टीचर, काकी येतील का?"

"तू विचार," मी म्हटलं. "मला त्या घरात राहायचंय."

संध्याकाळची चर्चची घंटा झाल्यावर ती आली. एरवी ती सासूबाईंच्या पलंगाशी खाली बसायची. त्या दिवशी तिने स्टूल ओढलं.

"काकी, उद्या माझ्याकडे जेवायला या. बाईचं पान तुमचं."

सासूबाईंनी जपमाळ उशीवर ठेवली. "मी काय गरीब आहे?"

"मी तरी कुठे होते? राबून खात होते. तुम्ही बोलावलंत, म्हणून अठरा वर्षं येऊन बसले."

मी डासांची अगरबत्ती लावायला वाकले आणि ती लावायला जरा जास्तच वेळ घेतला. अठरा वर्षं तिला वाढताना हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. सासूबाई भिंतीवरच्या संत योसेफाच्या तसबिरीकडे बघत राहिल्या. याचं उत्तर तिथून मिळणार नव्हतं, हे त्यांनाही दिसलं असावं.

"आणि माझा नवस?" शेवटी त्या म्हणाल्या.

बाई तयारीने आली होती. म्हातारा आणि पोर काकींच्या दोन्ही बाजूंना बसतील. काकींनी आपले वाल घेऊन यायचं आणि बसल्या जागेवरून त्या दोघांना आपल्या हाताने वाढायचं. तिचे वाल ती तिघांना वाढेल. दोन्ही नवस एकाच पंगतीत.

"दोन घरचे वाल एका पानावर?"

"कळू दे की कुणाचे बरे ते."

सासूबाईंनी माझ्याकडे मान वळवली आणि ठेवणीतलं लाल लुगडं कुठल्या पेटीत आहे ते विचारलं. हे उत्तर समजून ती बाई घरी गेली आणि मी उरलेले वाल सोलायला बसले.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आम्ही निघालो. सासूबाई हाताच्या लाकडी खुर्चीत, मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं वालाचं पातेलं. एका बाजूला माझा नवरा, दुसऱ्या बाजूला त्या बाईचा मुलगा. मी मागे, खिरीचा डबा घेऊन. क्रूसापाशी दोघांनी दम घ्यायला खुर्ची टेकवली, तेव्हा अंगणात मिरच्या वाळत घालणाऱ्या एकीने विचारलं, आज कुठल्या संताची मिरवणूक?

"हसवू नको गो त्यांना," सासूबाई म्हणाल्या. "पाडतील मला."

आमच्याकडे तिघांना चटईवर बसवत असू. त्या बाईने मुलाकडून दोन बाकं आणि एक टेबल आणवलं होतं. कुणीच खाली नाही. ती तांब्या घेऊन आली आणि सासूबाईंच्या हातांवर पाणी घालू लागली. त्या हात मागे घ्यायला गेल्या, पण पाणी पडून गेलं होतं.

"काकीला प्यायला पानी द्या आधी," मिठागरवाला म्हातारा म्हणाला. "उन्हातून आल्यात."

सासूबाईंनी डावीकडे म्हाताऱ्याला वाढलं, उजवीकडे पोरीला. थोडा रस्सा पोरीच्या फ्रॉकवर सांडला. पोरीने दोन्ही घरचे वाल दोन-दोनदा मागून घेतले आणि सॉसचं नाव काढलं नाही. हे सासूबाईंनी मान हलवून मला दाखवलं. मग स्वतः जेवल्या, सावकाश, पान स्वच्छ होईपर्यंत.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या.

"तुमच्यात जास्त असायचं."

"मग बोलायचंस ना."

"फुकट जेवणारी बोलते का?"

सासूबाई इतक्या हसल्या, की खुर्चीचा मागचा पाय करकरला. नवऱ्याने धावत जाऊन पाठ धरली. परतीच्या वाटेवर त्यांनी एकदाच मान मागे करून मला विचारलं, खरंच जास्त असतं का? मी हो म्हटलं. घरी येऊन आम्ही दोघं जेवलो तेव्हा अडीच वाजले होते.

शुक्रवारी सकाळी शाळेत जाताना मी ती खुर्ची रिक्षात घालून होळी नावाच्या बाजाराजवळच्या सुताराकडे नेली. पाय घट्ट करायला सांगितला, आणि हातांखाली दोन्ही बाजूंना जाड लोखंडी कड्या, आरपार दांडे जातील अशा. वजन किती पेलायचंय, असं त्याने विचारलं. मी सासूबाईंचं वजन सांगितलं आणि वर वालाचं एक पातेलं धरायला सांगितलं.