वडाखालचं गाऱ्हाणं

म्हातारपणी गुणाजी घाडीला बोरिवलीच्या उपवनालगतचा तो वड फार आठवे.

छप्पन साली तिथं एका शेटनं हॉटेल काढायचं ठरवलं. लगतच्या वस्तीनं विरोधात केलेले अर्ज वाया गेले. पण वडाखालच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं, म्हणजे साकडं, घातल्याशिवाय कोकणी मजूर कुदळ उचलेनात, म्हणून शेटनं वस्तीतल्या, पिढीजात गाऱ्हाणं घालणाऱ्या गिरणीकामगार गुणाजीलाच बोलावलं. गुणाजी आधीच तापलेला. त्यानं नारळ हातात धरला.

"बा देवा म्हाराजा, हो शेट तुझ्या रानाच्या मुळार उठलो हा. तेका इल्या वाटेन परत धाड रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," वस्ती गरजली.

मालवणी न कळणाऱ्या शेटनंही भक्तिभावानं हात जोडले. "होय म्हाराजा."

हॉटेल झालंच. वडही गेला.

"देवान आयकल्यान नाय," गुणाजी म्हणे, "पण शेट आमच्याच बाजूक होतो."