झालरीचा गाऊन

केनवडला मी घरीच शिलाई करते. मागच्या हिवाळ्यात माझी नणंद माहेरी आली, तेव्हा पाच वर्षांच्या मुलीला रात्री घालायच्या गाऊनसाठी कापड घेऊन आली. गुलाबी, चमकणारं, नायलॉनचं. मी त्याचा एक धागा काढून काडीने पेटवला. तो वितळला आणि त्याचा काळा, टणक मणी झाला.

"हे जळलं तं अंगाले चिकटते," मी म्हणाले. "सुती आण, आन् अंगाबरोबर शिवू."

"वहिनी, पोरीले घोळदार पाह्यजे, झालर लावून. तुमाले शिवाचं नसन तं तसं सांगा."

आतून सासू ऐकत होती. मी वाद घातला नाही. दोन दिवसांत गाऊन शिवला. झालर सुरेख बसली होती, मला तिचा अभिमानही वाटला.

पंधरा दिवसांनी नणंदेकडे सकाळी आंघोळीचं पाणी तापत होतं आणि पोरगी चुलीपाशी शेकत बसली होती. झालरीने पेट घेतला. नणंदेने घोंगडी टाकून विझवलं, म्हणून पोर वाचली. पण पोटरीला चिकटलेलं कापड दवाखान्यात कातडीसकट काढावं लागलं.

मी भेटायला गेले, तेव्हा नणंद म्हणाली, "तुमाले मालूम होतं, मंग शिवला कायले?"

हट्ट तिचाच होता, हे मी म्हणू शकले असते. पण तिचा प्रश्न खोटा नव्हता.

आता तसलं कापड मी परत पाठवते. बायका म्हणतात, ही लई भाव खाते. नणंद आमच्याकडे येत नाही. लग्नाकार्यात भेट झाली, तर मुलगी मला पाहून पाय परकराखाली ओढून घेते.